आठ अक्षरांचं भांडण

चिनी अक्षरं लिहायची पाटी मी विकत घेतली ती सुनेशी भांडायला. वाडीतले लोक म्हणतात, म्हातारीला नवा छंद लागला. छंद कसला डोंबलाचा! माझं भांडण दोन वर्षं तुंबलं होतं.

माझा मुलगा सुशांत चीनमधल्या निंगबो बंदरात जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो. लग्नही त्याने तिथेच केलं. सुनेचं नाव शियाओ-लान, आमच्या वाडीत शालन. पोरगी अजून एकदाही घरी आलेली नाही. दर रविवारी लॅपटॉपवर दिसते, हसते, मान डोलावते. आणि मध्ये बसतात आमचे चिरंजीव, दुभाषे.

"तिका इचार, चतुर्थीक येतली काय?" मी म्हणायची. सुशांत तिला काहीतरी सांगायचा. मग ती दोन-दोन मिनिटं बोलायची, हातवारे करायची, एकदा तर डोळे पुसले तिने. आणि सुशांत मला सांगायचा, "ती म्हणता, बघूया."

दोन मिनिटांचं "बघूया"? तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली आहे मी. फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "आये, तिका माशांचो वास सोसना नाय."

माशांचा वास! मालवणात! माझं डोकंच फिरलं. आणि सरळ सांगते, दुखलंसुद्धा. तिच्यासाठी मी मागची खोली रंगवून घेतली होती, नवाकोरा कमोड बसवला होता. दोन वर्षं तो कमोड तसाच आहे. शेजारी राहणारे माझे दीर, दाजी भावोजी, गुडघ्यांचं निमित्त करून चोरून वापरतात तेवढाच.

फोनमधल्या भाषांतराच्या ॲपमधून मी एकदा तिला खरमरीत लिहून पाठवलं. तिने ते नवऱ्याला दाखवलं, आणि ह्या शहाण्याने तिला सांगितलं की ॲप चुकीचं भाषांतर करतं. वर मलाच हसत हसत सांगतो! त्या दिवशी ठरवलं, आता आपल्या हाताने लिहायचं. मध्ये ॲप नको आणि हा तर नकोच.

आठ महिने स्वयंपाकघरात व्हिडिओ लावून चिनी अक्षरं गिरवली. भात उतू गेला, आमटी करपली, पण दीडशे अक्षरं आली. एकदा कागदावर वाक्य लिहून फोटो पाठवला. सुनेने उत्तरादाखल दोन गुलाब पाठवले. तिला ती रांगोळी वाटली होती. फोनवर बोटाने लिहावं, तर नारळ खवून खवून माझी बोटं अशी झाली आहेत की फोन त्यांना ओळखच देत नाही.

म्हणून कट्टा गावच्या बाजारात अजयच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. अजय माझाच विद्यार्थी. चौथीपर्यंत त्याचा "ळ" आडवा पडलेला असायचा.

"बाई, ह्या कित्याक व्हया तुमका?"

"माका सुनेवांगडा भांडूचा आसा."

पठ्ठ्याने पुढे एक शब्द विचारला नाही. चार दिवसांत पाटी मागवली आणि रविवारी घरी येऊन लॅपटॉपला जोडून दिली. काळी, गुळगुळीत, पोळपाटाएवढी. "हेच्यार पेनान लिवचा. कॉम्प्युटर वळखता आणि बाजूक धा अक्षरां दाखयता. तुमचा खयचा ता निवडा."

मी झोकात "मी" लिहिलं. कॉम्प्युटरने दहा अक्षरं दाखवली, त्यात "मी" नव्हतं. पुन्हा लिहिलं, पुन्हा नाही.

"बाई, रेघांचो क्रम चुकता," अजय म्हणाला. मग टेबलावरची पट्टी उचलून दात काढत, "हात फुडे करा!"

"मेल्या, गप ऱ्हव!" मी म्हटलं, पण क्रम सुधारला. पाचव्या खेपेला "मी" सापडलं.

एवढ्यात दाजी भावोजी नारळ घेऊन हजर. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे साधा पंप चालू होत नाही. त्यांनी पाटीसमोर नारळ धरला आणि सूर लावला, "बा देवा म्हाराजा! आज आमची वयनी चिनी भाषेत सुनेक गाळी घालूक बसली हा. तिचा प्येन अडकान देव नको, नेट जावक देव नको, आणि सुनेक ता वाचूक येवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अजय ओरडला.

सहा वाजता दोघं पडद्यावर आली. मी नमस्कार-चमत्कार न करता पेन उचललं. वाक्य ठरलेलं होतं: तू माझ्या घरी का येत नाहीस? चिनीत आठ अक्षरं. एकेक लिहायचं, निवडायचं, पाठवायचं.

पहिलं अक्षर पोचलं तसा सुशांत हसला. "आये, आज काय नवीन खूळ?" शालन मात्र माझ्या हाताकडे बघत होती. चौथ्या अक्षराला सुशांतचं हसू गेलं. पाचवं "नाही"चं. ते पोचलं तेव्हा तो म्हणाला, "नेट बरा नाय आज, कट करतंय." आणि हात पुढे केला.

शालनने त्याचं मनगट धरलं. मला पोरगी तिथेच आवडली.

सहावं अक्षर "येणं". माडाला दोन शहाळी लटकावीत तसं दिसतं. मग "माझं", मग "घर". मी पेन खाली ठेवलं.

शालनने वाचलं. मग तिने पाच अक्षरं पाठवली, मुद्दाम सोपी, पहिलीच्या पोराला द्यावीत तशी. पाचही मला येत होती. तू म्हणालीस, येऊ नको.

"मी?" मी मराठीतच ओरडले. "मी कधी म्हटलंय?"

तिला शब्द कळले नसतील, पण माझं तोंड बघून कळायचं ते कळलं. मग आम्ही दोघी एकदम सुशांतकडे बघायला लागलो.

"आवशीचो घोव!" माझ्या तोंडून निघालं. दाजी भावोजी खोकले. आवशीचा घोव म्हणजे आईचा नवरा, म्हणजे त्यांचेच कैलासवासी मोठे भाऊ, हे मला तेव्हा आठवलं.

सुशांतचा चेहरा पडला. "आये, तुमी दोघीव सारख्याच. हय ती माका दमात घेता, थय तू. दोघी एका घरात इल्यात तर मी खंय जावचा?"

क्षणभर कीव आली त्याची. मग दोन वर्षं आठवली, दोन चतुर्थ्या, आणि त्या पोरीने पुसलेले डोळे. मी पेन उचललं. लिहिलं, तू ये. पुढे विचारलं, किती माणसं?

तिकडून एक आडवी रेघ आली. बस, एवढंच.

"बाई, बिघडला काय तरी," अजय म्हणाला. "नुसती रेघच इली."

"बिघडूक नाय मेल्या. तो एकाचो आकडो."

धड्यातलं पहिलंच अक्षर होतं ते. एक. एकटी ती. सुशांत दोन्ही भाषांत एकदम बोलायला लागला होता, पण आम्ही दोघी तारीख ठरवण्यात गुंतलो होतो. ती ठरली तशी मी वळून म्हटलं, "भावोजी, फाल्यापासून कमोड बंद."