बॅटऱ्यांना न्हाऊ घालणारा टब

मी एक बाथटब आहे. पांढरा, फायबरचा, सहा फुटी. माणसांना न्हाऊ घालायला जन्मलो आणि बॅटऱ्यांना न्हाऊ घालून निवृत्त झालो. असा योग सगळ्यांच्याच नशिबी नसतो.

कारखान्यातून निघालो तो थेट एका साहेबांच्या बंगल्यात. साहेब वीज साठवण्याच्या केंद्राचे प्रमुख. केंद्र म्हणजे कुंपणाच्या आत रांगेने उभे बत्तीस कंटेनर, प्रत्येकात बॅटऱ्या ठासून भरलेल्या. बंगला कंपनीचा, पण मला बाईसाहेबांनी हौसेने स्वतः आणलं. साहेब माझ्यात एकदाच उतरले. उतरले आपणहून, बाहेर काढायला माळ्याला बोलवावं लागलं. पुढची अकरा वर्षं मी रद्दी सांभाळली.

मग एका सकाळी सात नंबरच्या कंटेनरने पेट घेतला.

बंबवाले आले आणि जळता कंटेनर सोडून शेजारच्या कंटेनरांवर पाणी मारू लागले. कुंपणाबाहेर ही गर्दी! आग कशी विझवावी हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"अहो, आग इकडे आहे! तिकडे काय सडा घालताय?"

"हा जळून संपेल," बंबवाल्यांचा प्रमुख म्हणाला. "शेजारचा पेटला तर मात्र तुम्हीही इथे उभे राहणार नाही."

गर्दी दहा पावलं मागे सरली आणि तिथून सल्ले देऊ लागली.

अडीच दिवसांनी आग शमली. साफसफाईला मुकादम आला, पाच माणसं घेऊन. त्यातला एक त्याच्या बहिणीचा नवरा. त्यामुळे इतरांना "ए, सरक" म्हणणारा मुकादम त्याच्यापाशी आला की "दाजी, जरा सरकता का?" म्हणे. दाजी सरकतच, पण मानपान झाल्यावर.

राखेत बॅटऱ्यांच्या आठ पेट्या अर्ध्यामुर्ध्या जळलेल्या निघाल्या. पोटात वीज शिल्लक. अशी पेटी कधी उसळेल याचा नेम नाही. तिला उघड्यावर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं आणि मीटर शून्य दाखवील तेव्हाच बाहेर काढायचं. भांडं धातूचं चालत नाही. मागवलेली टाकी आली ती तडकलेली. तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "आमचा टब न्या. त्या निमित्ताने रद्दी तरी हलेल."

अकरा वर्षांनी अंगाला पाणी लागलं. भोकात बूच घट्ट बसवलं आणि मी कामाला लागलो.

सात पेट्या निवल्या. आठवी हटून बसली. गुरुवार उजाडला तरी मीटर खाली येईना, आणि शुक्रवारी हेड ऑफिसचे मोठे साहेब पाहणीला येणार होते.

"काढा ती पेटी, ट्रकमध्ये टाका," आमचे साहेब म्हणाले. "उद्या आवार स्वच्छ दिसलं पाहिजे."

"अजून जीव आहे तिच्यात, साहेब."

"जमत नसेल तर दुसरा मुकादम आणतो."

"मी काढतो की," दाजींनी बाह्या सरसावल्या. "पेटीला काय घाबरायचं?"

"दाजी, मागे व्हा! तुम्हाला काही झालं तर बहिणीला कोणत्या तोंडाने भेटू?"

"साहेब सांगतायत, आणि तुम्ही बहिणीचं काय काढलंत?"

दाजींचे हात पाण्याला टेकणार, इतक्यात मागून आवाज आला. "अहो, हा टब कंपनीच्या यादीत आहे का?"

बाईसाहेब होत्या. साहेबांनी मान हलवली. नव्हता.

"म्हणजे माझा. माझ्या टबातून माझ्या परवानगीशिवाय काही काढायचं नाही. दाजी, हात आवरा."

कंपनीच्या बत्तीस कंटेनरांवर हुकूम चालवणारे साहेब सहा फुटी टबापुढे हरले. शेवटी मी दिसू नये म्हणून त्यांनी माझ्याभोवती फुलझाडांच्या कुंड्या मांडून घेतल्या.

शुक्रवारी मोठे साहेब आले. कुंड्या पाहून खूश झाले. "वा! कारंजं का?"

"हो सर," आमचे साहेब म्हणाले.

मोठे साहेब कौतुकाने पुढे वाकले. पाण्यात बुडबुडे उठले. मुकादमाने "मागे!" म्हणून ओरडत त्यांना कॉलर धरून ओढलं, आणि माझ्या पोटात धप्प झालं. पाणी खळखळलं, फेस कुंड्यांपर्यंत गेला. मी तडकलो नाही. पुन्हा दोनदा धप्प, मग शांत.

"रोज उडतं का हे?" मोठ्या साहेबांनी कॉलर नीट करत विचारलं.

"नाही साहेब," मुकादम म्हणाला. "पण काल पेटी काढली असती तर ह्यांच्या हातात उडालं असतं."

सगळे दाजींकडे बघू लागले. दाजी आपल्या तळहातांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "घरी नका सांगू."

आता मी फाटकाजवळ पडून आहे. अंग आतून काळवंडलंय, बॅटऱ्यांचं विष मुरलंय, कडेला 'धोकादायक कचरा' अशी पिवळी चिठ्ठी. वॉचमनचा मला म्हशीच्या पाण्यासाठी नेण्याचा बेत होता. मुकादमाने तो ऐकला आणि मला फोडूनच ट्रकमध्ये चढवायचं ठरवलं. घण दाजींच्या हाती दिलाय.

माझी तक्रार नाही. जी म्हैस मला ओळखत नाही, तिचं वाईट मी का करू? फक्त एक विनंती. दाजी, तो घण एका हाताने उचलून ऐट दाखवू नका. दोन्ही हातांनी घाला. दोन्ही आहेत तुमच्याकडे.