बंदूकवाल्यांच्या घरची मी

मी दोननळी बंदूक बोलतेय. घाबरू नका, माझ्यात काडतूस नाही.

साठ वर्षांपूर्वी चाकूरजवळच्या खेड्यात संगप्पांनी मला आणलं. ज्वारीत डुकरं शिरली की हवेत बार काढायचा, एवढंच माझं काम. पण तेव्हापासून त्या घराला ‘बंदूकवाले’ हेच नाव पडलं. त्यांचे चिरंजीव धोंडप्पा तर लग्नकार्यातही मला खांद्याला लावून जायचे. लोक वाट सोडायचे. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

गेल्या दिवाळीला धोंडप्पांची लेक शिवानी अमेरिकेहून आली. सोबत तिच्या तिथल्या शेजारीणबाई होत्या, रूथ नावाच्या शिक्षिका. धोंडप्पांनी हौसेनं मला भिंतीवरून काढून त्यांच्यापुढं धरलं.

“घ्या! तुमच्या मुलखात तर घरोघरी असती म्हनं. बंदुकीबिगर अमेरिकन कसला?”

रूथबाईंनी हात मागे घेतले. त्या बोलल्या ते शिवानीनं मराठीत सांगितलं. “माझ्या आजोबांकडं होती, शिकारीला. वडिलांनी ठेवली नाही, मीही नाही. मग आमच्यातलं कमी अमेरिकन कोण? आई आजारी होती त्या हिवाळ्यात शेजारी रोज येऊन आमच्या दारातला बर्फ काढायचे. माझा देश म्हटलं की मला तीच माणसं आठवतात.”

धोंडप्पांनी मला खाली घेतलं. त्यांच्या पत्नी शिवकांताबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “माझ्या बापानं तरी बंदूक बघून कुठं पोरगी दिली? दुष्काळात मामंजींनी हिरीचं पाणी समद्या गावाला मोकळं ठेवलं, म्हणून दिली. ह्या बंदुकीपायी तर लेकरं लहान होती तवा मला झोप न्हाई लागली.”

“कधी बोलली न्हाईस,” धोंडप्पा हळूच म्हणाले.

“तुम्ही इचारलं कधी?”

पुढच्या महिन्यात परवान्याची मुदत संपत होती. धोंडप्पांनी नव्यानं अर्ज केलाच नाही. मला घेऊन थेट पोलीस ठाण्यात गेले.

“काय झालं, मालक?” हवालदारांनी विचारलं.

“काय झालं न्हाई. म्हणूनच द्यायलोय.”

त्यांनी कागदावर सही केली. मग माझ्या लाकडी दस्त्यावरून तळवा फिरवत म्हणाले, “लई साथ दिलीस.”

आता मी ठाण्यातल्या जमा हत्यारांच्या खोलीत आहे. त्या घरानं मला वेळच्या वेळी तेल दिलं, माणसावर एकदाही रोखलं नाही. माझ्या हातून कुणाचं घर उजाडलं नाही, हे त्यांचे उपकार. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर काही घडायच्या आधीच तिलाही असाच मायेनं निरोप द्या.