देवाच्या मनात असेल तर

सुताराने स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, आडवं टाकलं आणि फुगलेल्या कडेवर रंधा फिरवायला घेतला. ओट्यापाशी घरमालकीण चहा गाळत होती. ती निवृत्त नर्स. सगळी इमारत तिला सिस्टर म्हणायची, वरच्या मजल्यावरचा हा विधुर सुतारही. लग्नाचं विचारतानासुद्धा त्याच्या तोंडून ‘सिस्टर’च निघालं होतं, आणि ते आठवलं की अजूनही त्याला जमीन दुभंगावी असं वाटे.

ती तेव्हा एवढंच म्हणाली होती, "देवाच्या मनात असेल तर होईल."

आठवडाभर त्याने कळ काढली. आज मात्र रंधा मध्येच थांबला.

"तुमच्या देवाकडून काही कळलं का?"

"तुम्ही कुठे देव मानता?"

"नाहीच मानत. जे होतं ते आधीच्या कशामुळे तरी होतं. हवा दमट, म्हणून दार फुगलं. दार फुगलं, म्हणून मी आलो. यात कुणाच्या मनाचा काय संबंध?"

तिने कप त्याच्या हातात दिला.

"मग तुम्ही मला विचारलंत, तेही दमट हवेमुळेच?"

सुताराने चहाचा घोट घेतला. त्याचे कान तापले.

"नाही," तो म्हणाला. "ते मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून जिना उतरलो होतो, तरी विचारलं."

ती खुर्ची ओढून बसली.

"पेशंटच्या नातेवाइकांना मी कायम तेच सांगायचे. देवाच्या मनात असेल तर. खोटं नव्हतं ते. पण त्या दिवशी तुम्ही वर गेलात आणि माझ्या लक्षात आलं, या खेपेला मी देवाच्या पाठीमागे लपले होते."

"मग विचारलंत त्याला?"

"विचारलं नाही. आज सकाळी सांगून टाकलं. मी हो म्हणणार आहे म्हणून."

चहा हातावर सांडला, तरी सुतार तसाच उभा.

"काय म्हणाला तो?"

"केव्हाचंच माहीत होतं म्हणाला."

"मग मला आठवडाभर ताटकळत कशाला ठेवलंस?" सुतार म्हणाला, आणि सिस्टर हसत सुटली तेव्हा त्याला कळलं, आपण हे छताकडे बघून म्हणालो.