शेकलेल्या हाताचा आकडा

अगं तू फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस. आपली उन्नती नाही का, फुलपाड्याची, विरारच्या दवाखान्यात त्या नसा तपासायच्या मशीनवर कामाला लागलेली? दोन हजार तीन साल असेल. तिच्याकडे आगाशीचा उमंग आला, सोबत त्याची आई, जयवंतीकाकू. पठ्ठ्या वाडीत नारळावरून घसरला आणि एका हाताने झावळीला लटकून राहिला, त्यात खांद्यातल्या नसा ताणल्या गेल्या. तेव्हापासून हात नुसता लोंबतोय. डॉक्टरांनी सांगितलेलं, नसेतला करंट मागच्या टेस्टपेक्षा जोरात धावला तर थांबू, नाहीतर ऑपरेशन. आणि तेही आत्ताच, उशीर झाला की उपयोग नाही.

उन्नतीने नसेवर बारीक शॉक दिला, आणि काय! वेग चक्क वाढलेला! तिने खुशीत आकडा सांगून टाकला, काकूंनी तिथेच डोळे टिपले. पण वायर लावलेली चिकटपट्टी सारखी सुटत होती. ती दाबायला गेली तर हात तेलकट, आणि हा असा तापलेला.

"काकू, हाताला काय केलंत?"

"काय करणार? एरंडाची पानं गरम करून शेक दिला, रिक्षा दारात येईपर्यंत. टेस्ट चांगली यायला नको?"

"परीक्षेला जाताना आई दही द्यायची ना, तसंच," उमंग हसला.

उन्नतीला हसू येईना. गरम हातात करंट जोरातच पळतो, नस बरी नसली तरी. तिने तेल पुसलं, हात नेहमीसारखा होईपर्यंत थांबली, परत शॉक दिला. आकडा मागच्या टेस्टला होता तिथेच!

"मग पहिला खोटा?" काकूंनी विचारलं.

"खोटा नाही काकू. पण तो शेकाचा होता, नसेचा नाही."

"कुणाला कळणारे? पहिलाच लिही ना, बाय. एवढ्या तरण्या पोराच्या खांद्याला सुरी..."

"आई, खांदा माझाय," उमंग म्हणाला. "उन्नती, दुसरा लिही."

तिने दुसरा लिहिला. काकू भांडल्या नाहीत की रडल्या नाहीत. मुलाच्या अंगात शर्ट चढवला, एकेक बटण लावलं आणि मग हळूच विचारलं, "ऑपरेशननंतर तरी वाढेल ना गं आकडा?"

आता मशीन फक्त आजचं सांगतं, पुढचं कुठे सांगतं? आणि काकू तर उत्तरासाठी तिच्या तोंडाकडे बघत उभ्या. सांग ना, तू काय बोलली असतीस?