न बिघडणारी किटली

माझा ब्लॉग बंद पडला. छे, तसं काही झालेलं नाही. ब्लॉग उत्तम चालू आहे, आपण किटलीबद्दल बोलू.

घरातली उपकरणं किती टिकतात, यावर मी लिहितो. फुकट आलेली वस्तू मी घेत नाही. अजून कोणी पाठवलेली नाही, पण तत्त्व तयार आहे. माझी गाजलेली मालिका एकच, विजेच्या किटलीवरची. अधूनमधून मी जाहीर करायचो की किटली अजून ठणठणीत आहे. माझ्या भरवशावर लोकांनी ती घेतली. काहींची लगेच बंद पडली. त्यांना मी समजावायचो की तुमचं वापरण्यात काहीतरी चुकतंय. एका निवृत्त ग्रंथपाल बाईंना तर पाणी कसं उकळावं, यावर सविस्तर उत्तर दिलं.

बाईंनी आभार मानले आणि विचारलं, "तुमच्या किटलीच्या बुडावरच्या स्टिकरचा फोटो टाकाल का?"

मी किटली उलटी केली. चौथ्या वर्षात पदार्पण केलेली माझी किटली गेल्या महिन्यात तयार झाली होती.

काही वस्तू वापराने तरुण होत जातात, असा लेख मी अर्धा लिहूनही काढला. मग जेवताना सहज विषय काढला. बाबांनी चष्मा पुसायला घेतला. आई म्हणाली, "पाणी घे."

"कुठल्या किटलीबद्दल म्हणतोयस?" ताईने विचारलं.

"कुठल्या म्हणजे? किती आहेत?"

"सांगून टाक गं आता," आई ताईला म्हणाली.

पहिली बाल्कनीत होती. तिच्यात कपड्यांचे चिमटे असतात. मी रोज तिच्यातून चिमटे काढतो. दुसरीत आईची लोकर. तिसरी ताईच्या ऑफिसात, पेनं ठेवायला. एक मेली की ताई गुपचूप तश्शीच दुसरी आणायची.

"मिक्सर गेला तेव्हा काय केलंस ते आठव," ताई म्हणाली. "पुरावा म्हणून महिनाभर जेवायच्या टेबलावर ठेवलास. हात लावू दिला नाहीस कुणाला. त्याच्याभोवती बसून जेवलोय आम्ही, सुतक असल्यासारखे."

"पण मला सांगायचं तरी."

"एवढं कौतुक लिहिलं होतंस तिचं," आई म्हणाली. "ती गेली, हे तुला कुठल्या तोंडाने सांगायचं?"

मी बाबांकडे पाहिलं. माझ्या प्रत्येक लेखाखाली त्यांचा अंगठा असतो.

"मी वाचत नाही रे," बाबा म्हणाले. "नुसता लाइक करतो. बरं दिसतं."

संध्याकाळी, किटली जिथून घेतली होती त्या दुकानात गेलो. गल्ल्यामागे माझा लेख फ्रेम करून लावलेला. दुकानदार उठून उभा राहिला.

"काय खपली हो किटली तुमच्या लेखानंतर. एकट्या ताईंनीच तीन नेल्या. मी गिऱ्हाइकांना सांगतो, लेखकाच्याच घरी पुन्हा पुन्हा जाते, म्हणजे बघा."

केसाने गळा कापणं ऐकून होतो. माझा कापला तो लोकरीने, आणि इतक्या मायेने की बोंब मारायचीही सोय ठेवली नाही.

घरी आलो तर ताईने त्याच किटलीतल्या पाण्याचा चहा पुढे केला. "रागावलास?"

"नाही," मी म्हणालो. चहा गरम होता, हे प्रामाणिकपणे नोंदवावं लागेल.

रात्र व्हायच्या आत मी ब्लॉगवर सगळं खरं लिहिलं. ग्रंथपाल बाईंनी एकच ओळ टाकली : "म्हणजे मला पाणी उकळता येतं तर." त्यानंतर त्या फिरकल्या नाहीत. बाकीचेही नाहीत. बाबांचा अंगठा तेवढा आला. वाचकांनी कृपया या कथेचं पहिलं वाक्य पुन्हा वाचू नये.

सबब, कंपनीच्या ग्राहक तक्रार विभागास विनंती करण्यात येते की, आमच्या घरातील किटली क्रमांक एक ते तीन यांना पूर्वलक्षी प्रभावाने मृत घोषित करण्यात यावे. तसेच त्या मृत असताना अर्जदाराने ज्या ज्या गोष्टींवर विश्वास ठेवला, त्या वॉरंटीत धरून, घरातील माणसांना हात न लावता, बदलून मिळाव्यात.