कंसाच्या गळ्यातला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण माझ्यात पाहून आजवर कुणी भांग पाडलेला नाही. आकाराने मी आठ आण्याच्या नाण्याएवढा. मागे लांब दांडी आणि मान कायमची वाकलेली. माणसाच्या तोंडात शिरून खालच्या स्वरयंत्रात डोकावायचं, हा माझा धंदा. जागा अंधारी, ओली आणि बरेचदा कांद्याच्या वासाची. पण तक्रार करायचा माझा स्वभाव नाही.

कारखान्यात माझ्या काचेमागे मुलामा चढला आणि मी थेट कलकत्त्यात, चितपूर रस्त्यावर डॉक्टर मृण्मयी सान्याल यांच्या दवाखान्यात नोकरीला लागलो. त्या रस्त्यावर जात्रेच्या, म्हणजे बंगाली लोकनाट्याच्या, नाटक कंपन्या ओळीने बसलेल्या. मैदानात मधोमध व्यासपीठ, चारी बाजूंना माणसं, आणि आवाज शेवटच्या चटईपर्यंत पोचला पाहिजे. त्यामुळे बसलेल्या घशांना आमच्याकडे तोटा नव्हता. डॉक्टरांना सगळे दीदी म्हणत. दीदी मला आधी स्पिरिटच्या दिव्यावर ऊब देत, म्हणजे श्वासाने मी धुरकट होत नसे. मग आपल्या हातावर टेकवून पाहत, चटका तर बसत नाही ना. पेशंटची जीभ फडक्यात धरायची आणि सांगायचं, "ई म्हणा, ई!" व्यासपीठावरच्या भल्याभल्या सम्राटांची तिथे भंबेरी उडे.

त्यातच एक दिवस तारापद हाजरा आले. मेदिनीपूरपासून मालद्यापर्यंत कंस म्हटलं की तारापदबाबू! गेल्या हंगामापासून त्यांचा आवाज फाटला होता, आणि त्या फाटक्या आवाजावर लोक अक्षरशः वेडे झाले होते. ते "देवकी!" म्हणून गरजले की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरत. कंपनीचे मालक गौरहरी कुंडू तर म्हणत, "तारापदच्या घशात देवीच येऊन बसलीय." दुसऱ्या कंपनीतला खलनायक मदन पाईन त्या आवाजाचं गुपित विचारायला आला, तेव्हा तारापदबाबूंनी त्याला ऐटीत आपला बिडीचा कट्टा दाखवला होता.

सोबत त्यांची बायको, सगळ्यांची वीणाबौदी म्हणजे वीणावहिनी, होती. तिनेच ओढून आणलं होतं.

"दीदी, खोकला तेवढा थांबवा," तारापदबाबू म्हणाले. "पण आवाज बरा करू नका हं! पोट आहे त्याच्यावर."

आवाज बरा करू नका म्हणणारा पेशंट मी पहिल्यांदाच पाहिला.

"बिड्या किती ओढता?"

"मोजत नाही. मोजल्या की कमी पडतात."

"आणि दारू?"

"खेळ संपल्यावर थोडीशी, घसा शेकायला."

"थोडीशी!" वीणाबौदी उसळली. "घसा शेकता शेकता जळला की हो तुमचा!"

मी आत गेलो. कंसमहाराजांना उबळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, पण अखेर "ई" निघाली. दोन स्वरतंतू जवळ आले आणि डाव्यावर मला मुडीच्या, म्हणजे कुरमुऱ्याच्या, दाण्याएवढा पांढरट, खरबरीत उंचवटा दिसला. दीदींनाही दिसला. मला फार वाईट वाटलं, कारण जिला सगळे देवी म्हणत होते, ती ही गाठ होती.

नुसतं पाहून निदान होत नाही. इस्पितळात भूल देऊन तिथला कणभर तुकडा काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. तो स्वरयंत्राचा कर्करोगच होता.

तारापदबाबू, वीणाबौदी आणि कुंडूबाबू दीदींसमोर बसले. दीदींनी काही लपवलं नाही. "बिडीने हे केलं, दारूने त्यात भर घातली. पण गाठ लहान आहे, दोन्ही तंतू अजून हलताहेत. आत्ता नुसत्या किरणांच्या उपचाराने बरं व्हायची चांगली आशा आहे. थांबलात आणि ते पसरलं, तर कदाचित सगळं स्वरयंत्रच काढावं लागेल. मग गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास, आणि बोलायला नव्याने शिकायचं."

"पण दुर्गापूजेनंतरचे सगळे खेळ ठरलेत!" कुंडूबाबू कळवळले. "एवढा हंगाम जाऊ द्या, दीदी. चैत्र संपला की मीच आणून बसवतो."

मग दीदींनी एक मोठा आरसा तारापदबाबूंच्या तोंडासमोर धरला आणि मला पुन्हा आत घातलं. माझ्यात पाहून स्वतःला बघणारा तो पहिला माणूस. मी शक्य तेवढा स्वच्छ राहिलो. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"एवढासा?" मी बाहेर येताच ते म्हणाले. "टाळ्या याला मिळत होत्या?" मग कुंडूबाबूंकडे वळले. "मालक, कंस मूर्ख होता, पण त्याचं एक बरोबर होतं. वैरी पाळण्यात असतानाच गाठावा. मी उद्यापासून उपचाराला जातो."

वीणाबौदी तोंडाला पदर लावून रडली.

आठवड्यातले पाच दिवस, दीड महिन्याहून थोडं जास्त, किरणं चालली. गळ्याची कातडी काळवंडली, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येई. वीणाबौदी पातळ भात आणि बिनमिरचीचा माशाचा झोल, म्हणजे पातळ रस्सा, भरवी. बिडी सुटली ती सुटलीच. बोलायचंही जपून. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी बोलतेय आणि हे ऐकताहेत," असं ती दीदींना सांगायची, आणि तारापदबाबू हातवारे करून भांडायचे.

पुढे दर महिन्याला मी आत जाऊन पाहत असे. उंचवटा विरत गेला. एकदा पाहिलं तर दोन्ही तंतू स्वच्छ! माझं पाणी त्या दिवशी उगाच जास्त चमकलं.

आवाज परतला, तो मात्र मऊ, गोड. कंसाची गर्जना ऐकून एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, हा तर आमच्या जावयासारखा बोलतो!" सगळं मैदान हसलं. कुंडूबाबूंनी कपाळाला हात लावला आणि त्यांना नंदबाबा केलं. आता ते "गोपाळा, ये रे!" अशी हाक मारतात, तेव्हा प्रेक्षकांतली चिमुरडी उठून व्यासपीठाकडे चालू लागतात.

आता दीदींकडे बारीक नळीचा कॅमेरा आलाय आणि मी बहुधा खणात असतो. परवा मात्र जिना दणाणला. तारापदबाबू मदन पाईनला दंडाला धरून वर आणत होते.

"दीदी, याचा घसा महिनाभर बसलाय, आणि हे गाढव सांगतंय, देवी आली म्हणून!"

मदन घोगऱ्या आवाजात कुरकुरला, "पण दादा, लोकांना आवडतोय आवाज."

"मलाही आवडत होता. बस गप. जीभ बाहेर काढ!"

मित्रांनो, बिडी-सिगारेट आणि दारूच्या वाटेला जाऊ नका, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात, शेजारी कुणाचा आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, तर त्याची थट्टा नको आणि कौतुक तर नकोच. त्याला घशाच्या डॉक्टरकडे न्या. टाळ्या काय, नंतरही वाजवता येतात.