चटका न बसणारा हात

शिरोळकडच्या हंबीररावांच्या गुऱ्हाळावर त्या शुक्रवारी उसापेक्षा माणसंच जास्त. उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीशेजारी देवीचा भगत ज्ञानूबुवा ओरडत होता, "बघा पावणं, बघा! देवीनं हात धरलाय ह्या बाळासोचा!" आणि पळीतल्या रटरटत्या पाकाचा थेंब त्यानं बाळासो गुळव्याच्या उजव्या हातावरच्या पांढुरक्या चट्ट्यावर टाकला. बाळासो नुसता हसला. बायाबापड्यांनी पटापट हात जोडले.

बाळासोची लेक स्वप्नाली तेवढी चुळबुळत उभी होती. हातावरच्या फोडांना बुवा म्हणे 'देवीचे मोती'. ते मोती हळदीखाली चिघळायचे आणि घरी पुसायला हीच. त्यात बाबांची करंगळी आता सरळ होईना. गूळ रांधणाऱ्या गुळव्याचा हातच गेला तर राहिलं काय? तिला घास गोड लागेना. "देवी आली की बोट वाकडं हुतंय व्हय?" म्हणत तिनं बाबांना ओढतच शाहूपुरीत त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉ. रुचितांनी चट्ट्याचा मसुराएवढा तुकडा काढून तपासला आणि आठवड्यानं स्वप्नालीलाच सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. "काय दिसतंय?"

"बारक्या पेशींचे घोळके. गोल गोल."

"रोगजंतूंना कोंडायला जमलेत ते. मधला तो तुटका दोरा म्हणजे नस. त्यांच्या गराड्यात तीच कुरतडली गेली. मग चटका मेंदूला सांगणार कोण? हा कुष्ठरोग. शाप नाही, पाप नाही. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. उशीर केला तर मात्र बोटं कायमची वाकडी."

पुढच्या शुक्रवारी स्वप्नाली थेट काहिलीपुढं जाऊन उभी राहिली. "बाबा, डोळं मिटा." तिनं कापसाचा बोळा चट्ट्यावर फिरवला. "कुठं लागला?"

"अजून लावलाच न्हाईस की!" बाळासो म्हणाला.

"कापूससुद्धा कळंना ह्यास्नी," स्वप्नाली गर्दीकडं वळून म्हणाली. "ही देवी न्हवं, रोग हाय! नसा मेल्यात!"

"पोरी, कोप हुईल!" बुवा गरजला.

"मग तुमच्या हातावर टाकू थेंब?"

बुवानं हात उपरण्यात घेतला.

तेवढ्यात शेजारची आक्का नातीला घेऊन पुढं आली. बाळासोच्या हाताच्या दर्शनालाच आणली होती तिला. पोरीची बाही वर करून ती पुटपुटली, "हितं चिमटा काढला तरी ही रडत न्हाय. मला वाटलं, हिच्यावर बी देवीची किरपा झाली."

स्वप्नालीनं पोरीच्या हातावरचा पांढुरका चट्टा बघितला. "आक्का, उद्याच सरकारी दवाखान्यात जाऊ. गोळ्या फुकट हाईत."

लोकहो, चटका बसतो म्हणून आपण हात मागं घेतो आणि हात वाचतो. जिथं तो बसत नाही तिथं नारळ फोडू नका, डॉक्टर गाठा. आक्काच्या नातीची बोटं अजून सरळ आहेत.